‘गीता-प्रवचने’ आणि विषादाचा स्वावलंबी उपचार

वर्धा जिल्ह्याने मराठी वाङ्मयाला जे ग्रंथ दिले त्यांत ‘गीता-प्रवचने’ या ग्रंथाची गणना करावी की नाही, असा प्रश्न एखादा काटेकोर ग्रंथसूचिकार उपस्थित करू शकेल. कारण हा ग्रंथ वर्ध्यात बोलला गेला नाही आणि वर्ध्यात लिहिलाही गेला नाही. २१ फेब्रुवारी ते १९ जून १९३२ या काळात धुळ्याच्या तुरुंगात दर रविवारी एक याप्रमाणे अठरा प्रवचने झाली. ती देणारे विनोबा १९२१ च्या एप्रिलपासून वर्ध्याच्या आश्रमात स्थिर झालेले होते. ज्यांच्या आग्रहावरून ते वर्ध्यास आले ते जमनालाल बजाज या वेळी त्याच तुरुंगात श्रोत्यांमध्ये बसत. आणि बोललेला शब्द कागदावर उतरवून घेण्याचे काम साने गुरुजींनी केले. अकरा वर्षांच्या आश्रमजीवनात जे मुरले तेच येथे बोलले गेले असल्याने ग्रंथाचे गोत्र वर्ध्याचेच मानणे युक्त होय.

मन खचले असता हाती घ्यावयाचा ग्रंथ, अशी या प्रवचनांची मराठी घरांत एक ओळख आहे. पहिल्या अध्यायाचे नावच विषादाचे. शेवटच्या अध्यायात विषण्ण झालेला वीर सावरून उभा राहतो. मधला प्रवास आपणही एकट्याने, पुस्तकाच्या आधाराने करू शकू, असे वाचकास वाटणे स्वाभाविक आहे. अलीकडे मानसोपचाराच्या क्षेत्रातही हे नाव रूढ झाले असून डॉ. आनंद नाडकर्णी यांच्या एका पुस्तकाचे शीर्षक ‘विषादयोग’ हेच आहे. निराशेवर स्वतःच्या बळावर मात कशी करावी हे शिकविणाऱ्या पुस्तकांचे तर आज स्वतंत्र कपाट झाले आहे. अशा स्थितीत, विनोबांच्या ग्रंथात या प्रकारच्या स्वयंसाहाय्यास कितपत आधार सापडतो आणि जेथे सापडत नाही तेथे तो का सापडत नाही, हे संहितेच्या आधारे तपासून पाहणे अगत्याचे ठरते. या तपासणीत ‘स्वावलंबन’ हा वर्ध्याचा मोठा शब्द आडवा येतो. त्याचा अर्थ लावल्याशिवाय पुढे जाता येत नाही.

प्रथम ‘विषाद’ या शब्दाविषयी. मानसशास्त्राच्या मराठी परिभाषेत अवसाद, विषण्णता, खिन्नता, नैराश्य असे अनेक पर्याय वावरत आहेत आणि त्यांच्या पंक्तीस गीतेतील विषाद सहज जाऊन बसतो. परंतु दोहोंत अंतर आहे. अर्जुनाची गात्रे शिथिल होतात, तोंडाला कोरड पडते, अंगाला कंप सुटतो, त्वचेचा दाह होतो, धनुष्य हातातून गळते, मन भ्रमते. ही सारी लक्षणे एका घटकेची आहेत. त्यांत दीर्घकाळच्या अवसादापेक्षा तीव्र क्षोभाची छटा अधिक आहे. आजचे वैद्यक ज्यास नैराश्याचा विकार म्हणते त्याला निदान दोन आठवडे, जवळजवळ दररोज टिकणारी खिन्नता किंवा कशातच गोडी न वाटणे अपेक्षित असते. जोडीला झोप, भूक, शक्ती आणि एकाग्रता यांचा बिघाड आणि नालायकपणाची किंवा अपराधाची भावना. अर्जुनाला झोप लागत नव्हती की नाही हे व्यासांनी सांगितलेले नाही. निद्रा जिंकलेला म्हणून त्याला गुडाकेश म्हणतात, पण ती गोष्ट निराळी. तात्पर्य, गीतेचा पहिला अध्याय म्हणजे अवसादाचा रुग्णवृत्तांत होय, हे अलीकडील व्याख्यानांतून ऐकू येणारे विधान काटेकोरपणे पाहता टिकत नाही.

विनोबांची दृष्टी या बाबतीत अधिक सावध आहे. अर्जुनाच्या शौर्याविषयी ते शंका घेत नाहीत आणि त्याच्या अहिंसेच्या भाषेवरही भाळत नाहीत. त्याला झालेला मोह स्वधर्माच्या आड येणारा आहे, आणि त्या मोहाचा निरास हेच गीतेचे प्रयोजन, असा त्यांचा निर्णय आहे. यासाठी त्यांनी दिलेला न्यायाधीशाचा दृष्टान्त प्रसिद्ध आहे. शेकडो गुन्हेगारांना फाशी सुनावलेल्या एका न्यायाधीशापुढे एके दिवशी त्याचाच मुलगा खुनाचा आरोपी म्हणून उभा राहतो आणि त्या क्षणी फाशीची शिक्षा किती अमानुष आहे हे न्यायाधीशाला पटू लागते. त्याचे युक्तिवाद खोटे असतात असे नव्हे. ते एरवी योग्यही ठरतील. पण त्यांचा उगम विचारात नाही, आसक्तीत आहे.

मानसोपचाराच्या दृष्टीने हा दृष्टान्त फार मोलाचा आहे. विचाराचा आशय आणि विचाराचा उगम या दोन गोष्टी वेगळ्या करून पाहाव्यात, ही शिकवण त्यात आहे. अमेरिकेत एरन बेक आणि आल्बर्ट एलिस यांनी विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ज्या उपचारपद्धती रूढ केल्या त्यांचा प्रारंभबिंदूही याच्याजवळच आहे. खिन्न मनुष्याला आपले विचार म्हणजे जगाविषयीचे निखळ सत्य वाटते. उपचारक त्याला ते विचार कागदावर मांडावयास लावतो आणि त्यांना पुरावा विचारतो. १९८० साली डेव्हिड बर्न्स यांनी हीच रीत सामान्य वाचकासाठी पुस्तकरूपाने मांडली आणि ‘पुस्तक हेच औषध’ या कल्पनेला त्यामुळे मोठे बळ मिळाले. विनोबांच्या वाचकाला मात्र ही रीत नवी वाटण्याचे कारण नाही. ‘हा विचार खरा आहे काय’ या प्रश्नाच्या आधी ‘हा विचार आताच का सुचला’ हा प्रश्न विचारावा, हे त्याला न्यायाधीशाच्या गोष्टीने शिकविलेले असते.

तथापि येथेच दृष्टान्ताची मर्यादाही दिसते. न्यायाधीशाच्या युक्तिवादाने त्याचा लाभ होणार असतो. त्याचा मुलगा वाचणार असतो. खिन्न मनुष्याच्या युक्तिवादाने कोणाचाच लाभ होत नाही. तो न्यायाधीशही असतो आणि आरोपीही असतो, आणि निकाल नेहमी स्वतःविरुद्ध देतो. अशा माणसाला ‘हा तुझा मोह आहे’ असे सांगणे म्हणजे आरोपपत्रात आणखी एक कलम घालणे होय. मराठीतील पुष्कळशी उपदेशपर पुस्तके नेमके हेच करतात. नैराश्य म्हणजे इच्छाशक्तीचा अभाव, आळस, कृतघ्नता अशी त्यांची अनुच्चारित गृहीतके असतात. त्यांचा आधार म्हणून गीतेचे नाव घेतले जाते हा गीतेवर अन्यायच आहे. कारण धिक्काराचा उपाय गीतेत एकदा करून पाहिलेला आहे आणि तो निष्फळ ठरलेला आहे. दुसऱ्या अध्यायाच्या आरंभी श्रीकृष्ण अर्जुनाला क्लीबतेचा दोष देऊन, हृदयाचे क्षुद्र दौर्बल्य टाकून उठावयास सांगतात. अर्जुन उठत नाही. तो पुन्हा आपली अडचण मांडतो, आपण शिष्य आहोत असे म्हणतो, लढणार नाही असे सांगतो आणि गप्प होतो. खरा उपदेश त्यानंतर सुरू होतो. धिक्काराला दोन श्लोक लागले, समजाविण्याला सतरा अध्याय. या प्रमाणाकडे भाष्यकारांनी जितके लक्ष द्यावयास हवे होते तितके दिलेले नाही.

विनोबांच्या पहिल्या प्रवचनाचा शेवट या दृष्टीने मननीय आहे. अर्जुन या नावाचा संबंध ते ‘ऋजु’ शब्दाशी जोडतात. गीतेचा अधिकारी कोण, तर सरळ बुद्धीचा मनुष्य. आणि सरळपणा कशात, तर मनात आले ते अर्जुनाने राखून न ठेवता कृष्णापुढे उघडे केले यात. व्युत्पत्ती म्हणून ही जोड कितपत ग्राह्य धरावी हा प्रश्न येथे गौण आहे. महत्त्वाचे हे की, गीतेला पात्र ठरण्यासाठी विनोबांनी धैर्य, वैराग्य किंवा बुद्धिमत्ता यांपैकी कशाचीही अट घातलेली नाही. सांगणे एवढीच अट घातली आहे. दुःख दुसऱ्याजवळ बोलणे हा दुबळेपणा, असे मानणाऱ्या समाजात, आणि पुरुषांच्या बाबतीत तर विशेषच, ही अट लहान नाही. विषादाला ‘योग’ ही पदवी मिळते ती विषाद झाला म्हणून नव्हे. रथाच्या आसनावर बसकण मारलेल्या माणसाच्या समोर ऐकणारा कोणी होता, म्हणून ती मिळते.

स्वयंसाहाय्याचे पुरस्कर्ते यावर सहाव्या अध्यायाकडे बोट दाखवतील. आपणच आपला उद्धार करावा, आपणच आपले मित्र व आपणच आपले शत्रू, असे सांगणारा पाचवा श्लोक तेथे आहे, आणि विनोबांचे त्या अध्यायावरील प्रवचन आत्मोद्धाराच्या आकांक्षेपासूनच सुरू होते. हे प्रवचन संपूर्ण ग्रंथातील सर्वांत व्यवहारी प्रवचनांपैकी एक आहे. चित्त एकाग्र व्हावे यासाठी जीवन परिमित करावे असे ते सांगते. झोप मोजकी, आहार मोजका, डोळ्यांचा व कानांचा वापर मोजका. एखाद्या वैद्याने पथ्य लिहून द्यावे तशी ही भाषा आहे, आणि त्यातील बहुतेक पथ्य आजचा मानसोपचारकही देईल. निजण्या-उठण्याची वेळ बांधून घेणे, दिवसाला आकार देणे, हे सौम्य नैराश्यात उपयोगी पडते याबद्दल फारसा मतभेद नाही.

परंतु त्याच प्रवचनात पुढे मंगल दृष्टीची अपेक्षा येते. सृष्टी आपल्या विरोधात नाही, ती विश्वासार्ह आहे, असा भाव असल्याविना चित्त निवांत होणार नाही, असे विनोबांचे प्रतिपादन आहे. निरोगी साधकाला हे लागू पडेल. लहान मुलाला गुरू करण्याची त्यांची सूचनाही मोठी गोड आहे. पण अवसाद हा मुळी मंगल दृष्टी हरपण्याचाच विकार आहे. ज्याची दृष्टी गेली त्याला आधी पाहावयास सांगावे आणि मग पाहिल्याने दृष्टी येईल असे म्हणावे, असा हा चक्रक दोष होतो. विनोबांच्या पदरी तो घालण्याचे कारण नाही, कारण ते आजाऱ्यांशी बोलत नव्हते. तुरुंगात असूनही मनाने ताठ असलेल्या सत्याग्रह्यांशी बोलत होते. दोष आहे तो हे प्रवचन जसेच्या तसे उपचार म्हणून हाती देणाऱ्याचा. गीता स्वतः येथे अधिक सबुरीने वागते. मन वाऱ्यासारखे आवरण्यास कठीण आहे, अशी तक्रार अर्जुन याच अध्यायात करतो. आणि श्रीकृष्ण ती नाकारीत नाहीत. कठीण आहे हे आधी मान्य करतात, अभ्यासाचे नाव मागाहून घेतात.

प्रवचनकाराला स्वतःवर उपचार करण्याचा प्रसंग सहा वर्षांनी आला. १९३८ च्या आरंभी विनोबांची प्रकृती पार ढासळली होती आणि वजन ८८ पौंडांवर आले होते. हा देहाचा क्षय होता, अवसाद नव्हे, हे प्रथमच स्पष्ट केले पाहिजे. ‘अहिंसा की तलाश’ या त्यांच्या आठवणींच्या संकलनात हा प्रसंग आला आहे. गांधीजींनी विश्रांतीचा व उपचाराचा आग्रह धरला. विनोबांनी थंड हवेच्या ठिकाणाऐवजी पवनार पसंत केले. धाम नदीच्या काठी उंचवट्यावर जमनालालजींचा बंगला होता. नदीवरील पूल ओलांडताना त्यांनी सर्व त्याग केल्याचे वचन तीनदा उच्चारले, म्हणजे संस्थांची, कामांची, चिंतांची सारी ओझी मनाने पुलाअलीकडे ठेवली. नंतर ते शेत खणू लागले. पहिल्या दिवशी अवघी काही मिनिटे, मध्ये विसावा, पुढे हळूहळू वेळ वाढवीत तासांपर्यंत. वजन चढत गेले. (या खणण्यातच भरत-राम भेटीचे जुने शिल्प हाती लागले व ते आज पवनारच्या आश्रमात प्रतिष्ठित आहे, हा या उपचाराचा एक अनपेक्षित लाभ.)

या वृत्तांताचा आजच्या वाचकावर विलक्षण परिणाम होतो, कारण त्यात स्वयंसाहाय्याचे सगळे घटक शुद्ध रूपात दिसतात. मन तयार होण्याची वाट न पाहता लहान, ठरावीक आणि मोजता येण्याजोग्या कृतीने आरंभ करणे. कृती हळूहळू वाढविणे. मनात घोळणारा विचार हट्टाने दूर ठेवणे. नैराश्याच्या उपचारात कृतीवर भर देणारी जी शाखा गेल्या अर्धशतकात पुढे आली तिचे तंत्र याहून फार वेगळे नाही. मात्र वृत्तांत पुन्हा वाचला म्हणजे त्यातील इतर माणसे दिसू लागतात. आजारपण दृष्टीस आणून देऊन गप्प न बसणारे गांधीजी आहेत. घर देणारे जमनालालजी आहेत. ज्या कामांची चिंता पुलाअलीकडे ठेवली ती पुलाअलीकडे कोणीतरी चालवीत होते, म्हणून ती ठेवता आली. एकटा मनुष्य खणत होता हे खरे. एकट्याने सारे जमविले हे खरे नव्हे.

येथे ‘स्वावलंबन’ या शब्दाकडे वळणे भाग आहे. १९३० नंतरच्या वर्ध्यात हा शब्द नित्य व्यवहारातला होता. वस्त्र-स्वावलंबन हे खादीकामाचे उद्दिष्ट होते. ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्यास भरलेल्या शिक्षण परिषदेत स्वावलंबी शिक्षणाची चर्चा झाली व त्यातून नयी तालीम उभी राहिली. मगनवाडीत ग्रामोद्योगांचे प्रयोग चालले. या सर्व ठिकाणी स्वावलंबनाचे एकक गाव हे होते. गावाने आपले कापड, आपले तेल, आपले शिक्षण आपल्या बळावर चालवावे, असा त्याचा आशय. गावातील प्रत्येकाने शेजाऱ्यापासून तुटून जगावे असा तो कधीच नव्हता. सूत कातणाऱ्यालाही पिंजणारा लागतो व विणणारा लागतो. पुढे शहरी वापरात हा शब्द आकसला आणि ‘कोणाचे उपकार न घेणे’ असा त्याचा अर्थ उरला. वर्ध्याच्या परंपरेचा आधार घेऊन जे लोक खिन्न माणसाला ‘तुझे तूच सावर’ असे सांगतात ते शब्द वर्ध्याचा वापरतात आणि अर्थ मात्र नंतरचा. आपल्या हातांनी करणे आणि आपण एकट्याने करणे या दोन क्रिया भाषेत जवळ दिसल्या तरी नैराश्यात त्यांचे परिणाम उलट असतात. पहिलीने दिवस उभा राहतो, दुसरीने माणूस खोलीत कोंडला जातो.

विनोबांच्या विचारातही हे वळण दिसते. १९५९ साली पवनारला ब्रह्मविद्या मंदिर स्थापन झाले तेव्हा तेथे राहणाऱ्या भगिनींपुढे त्यांनी व्यक्तिगत साधनेचा नव्हे, सामूहिक साधनेचा आदर्श ठेवला. शेत, स्वयंपाक, सफाई, छपाई ही कामे सर्वांची आणि निर्णय सर्वांच्या संमतीचे. १९३२ च्या सहाव्या प्रवचनातील आत्मोद्धाराची भाषा येथे बहुवचनात गेली आहे. ‘गीता-प्रवचने’ वाचताना हा पुढचा पल्ला डोळ्यांआड करणे म्हणजे अर्धाच विनोबा वाचणे होय.

श्रोत्याची गोष्ट निराळी आहे. जमनालालजींच्या पत्रव्यवहारातून त्यांच्या अखेरच्या वर्षांतील अस्वस्थता प्रकट होते. स्वतःच्या उणिवांविषयी तीव्र असमाधान, शांती न मिळण्याची तक्रार, आणि गांधीजींकडे मोकळेपणाने केलेले आत्मनिवेदन हे या पत्रांचे विशेष आहेत. पत्रांवरून रोगाचे निदान करू नये. पण ज्या माणसाने लक्ष्मीनारायणाचे मंदिर १९२८ साली हरिजनांना खुले केले, काँग्रेसचे कोषाध्यक्षपद वर्षानुवर्षे सांभाळले, त्याला स्वतःविषयी इतके थोडे बरे वाटावे ही गोष्ट बाह्य कर्तृत्वावरून मनःस्थितीचा अंदाज बांधणाऱ्यांनी लक्षात ठेवावी. १९४१ मध्ये तुरुंगातून सुटल्यावर ते आनंदमयी माँच्या सहवासात राहून आले. परतल्यावर त्यांनी वर्ध्याजवळ गोपुरीला झोपडीत राहून गोसेवेचे काम हाती घेतले. ११ फेब्रुवारी १९४२ रोजी त्यांचा अंत झाला तेव्हा या नव्या जीवनाला काही महिनेच झाले होते. त्या महिन्यांत त्यांना समाधान लाभले होते असे त्यांच्या निकटवर्तीयांनी लिहिले आहे. त्यांच्या मार्गात पुस्तकाचा वाटा किती हे ठरविता येत नाही. पण सांगणे, ऐकणारा शोधणे, हातांना नवे काम देणे हा क्रम स्पष्ट आहे. पहिल्या प्रवचनातील ऋजुत्वाचे याहून चांगले उदाहरण धुळ्याच्या त्या श्रोत्यांत मिळणे कठीण.

लेखनिकाविषयी लिहिताना लेखणी जड होते. साने गुरुजींनी अठरा अध्यायांवरील शब्दन् शब्द ऐकला, लिहिला, पुन्हा वाचला. या ग्रंथाशी त्यांच्याइतका जवळचा संबंध, बोलणाऱ्याखेरीज, कोणाचाही आला नसेल. पुढल्याच वर्षी नाशिकच्या तुरुंगात त्यांनी ‘श्यामची आई’ लिहिली; १९४७ साली पंढरपूरचे मंदिर हरिजनांना खुले व्हावे म्हणून उपोषण केले; १९४८ साली ‘साधना’ साप्ताहिक काढले. पुतणी सुधा हिला लिहिलेल्या पत्रांतून त्यांच्या मनाचा ओलावा जसा दिसतो तशी मधूनच उदासीची छायाही दिसते. ११ जून १९५० रोजी त्यांनी आपल्या हाताने आपले जीवन संपविले.

या घटनेवरून दोन निष्कर्ष घाईने काढले जातात आणि दोन्ही अग्राह्य आहेत. एक असा की, गीतेचा उपदेश पोकळ ठरला. दुसरा असा की, गुरुजींची श्रद्धा कमी पडली. पहिला ग्रंथावर अन्याय करतो, दुसरा माणसावर. आणि दुसरा अधिक क्रूर आहे, कारण तो मेलेल्या माणसाकडून इच्छाशक्तीचा हिशेब मागतो. एवढ्या गुंतागुंतीच्या जीवनाच्या शेवटाला एकच कारण जोडणे टीकेच्या शिस्तीत बसत नाही. संहितेच्या अभ्यासकाला एवढेच म्हणता येते की, ग्रंथाचा पूर्ण परिचय असणे आणि ग्रंथ आपल्या दुःखात उपयोगी पडणे या भिन्न गोष्टी आहेत. औषधाची वही स्वच्छ अक्षरात लिहून ठेवणाऱ्याला ताप येत नाही, असे कोणी म्हणत नाही. गुरुजींनी दुसऱ्यांच्या दुःखाला हजारो पानांत शब्द दिले. स्वतःचे दुःख मात्र ज्याला पूर्ण सांगता येईल असा सारथी त्या वेळी त्यांच्या रथावर होता की नाही, हे बाहेरून सांगता येणार नाही.

आजवरच्या संशोधनाचा कल या विवेचनाशी पुष्कळसा जुळतो, सगळाच जुळत नाही. केवळ पुस्तकाच्या आधाराने केलेले स्वयंसाहाय्य सौम्य नैराश्यात उपयोगी पडते, आणि तेथे मार्गदर्शक असला काय किंवा नसला काय, फरक थोडाच पडतो. म्हणजे एकट्याच्या वाचनाला अगदीच बाद करण्याचे कारण नाही. विकाराची तीव्रता वाढते तसतसे मात्र मार्गदर्शित स्वयंसाहाय्य वरचढ ठरते. अधूनमधून चौकशी करणारा, अडलेल्या ठिकाणी थांबणारा कोणी असला म्हणजे तेच पुस्तक अधिक काम करते. इंग्लंडमधील वैद्यकीय मार्गदर्शिकेत २०२२ साली कमी तीव्रतेच्या नैराश्यासाठी पहिला उपाय म्हणून याच मार्गदर्शित प्रकाराचा पुरस्कार केलेला आहे. तीव्र विकारात औषध व तज्ज्ञ यांना पर्याय म्हणून कोणतेही पुस्तक पुढे करता येत नाही, मग ते कितीही थोर असो. मराठी प्रदेशाच्या सीमेवर गोव्यात प्राथमिक आरोग्य केंद्रांत एक प्रयोग झाला. तेथे तज्ज्ञ नसलेल्या, पण शिकवून तयार केलेल्या समुपदेशकांनी रुग्णांना लहान लहान कृतींचा कार्यक्रम आखून दिला. त्याचा गुण आल्याचे २०१७ साली ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. पवनारच्या शेतातले खणणे आणि हा कार्यक्रम यांत तत्त्वाचे साम्य आहे. कार्यक्रम विचारावयास येणारा मनुष्य ही त्यातील भर.

आता प्रश्न उरतो तो स्वधर्माचा, आणि वर्धा जिल्ह्याच्या संदर्भात तोच सर्वांत अवघड आहे. विनोबांच्या मते स्वधर्म निवडावयाचा नसतो. तो आईप्रमाणे जन्माबरोबर येतो आणि मोहाचा निरास झाला की मनुष्य त्यात स्थिर होतो. कापसाच्या शेतकऱ्याचा स्वधर्म कोणता, हे सांगण्याची गरज नाही. पण २००६ साली केंद्र शासनाने शेतकऱ्यांच्या आत्महत्यांमुळे विदर्भातील ज्या सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटी रुपयांची योजना जाहीर केली त्यांत अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलढाणा, वाशीम यांच्याबरोबर वर्ध्याचेही नाव होते. येथे विषाद स्वधर्म सोडल्याने आलेला नाही. कोरडवाहू जमीन, पावसाची अनिश्चिती, कर्ज आणि भाव यांच्या कात्रीत स्वधर्म धरून ठेवल्याने आलेला आहे. गांडीव हातातून गळण्याचा हा प्रकार कुरुक्षेत्रावरचा नव्हे. ‘मोह सोड, कामाला लाग’ हा उपदेश येथे केवळ निरुपयोगी नाही, तर गैरलागू आहे, कारण समोरचा मनुष्य कामालाच लागलेला होता. मनाच्या उपचाराने कर्ज फिटत नाही आणि कर्जमाफीने अवसाद आपोआप जात नाही; दोन्ही बाजूंचे वकील आपापली अर्धी बाजू मांडून थांबतात.

म्हणून अमरावती जिल्ह्यातील तीस गावांत राबविलेल्या ‘विश्राम’ या उपक्रमाकडे लक्ष द्यावयास हवे. गावातील कार्यकर्ते, शिकविलेले समुपदेशक आणि मनोविकारतज्ज्ञ अशी त्याची साखळी होती. अठरा महिन्यांत नैराश्यग्रस्तांपैकी मदतीपर्यंत पोचलेल्यांचे प्रमाण शेकडा ४.३ वरून २७.२ वर गेले, असा त्याचा २०१७ मधील अहवाल आहे. वाढ सहापटीची, पण उपक्रम चालू असतानाही शेकडा सत्तरांहून अधिक माणसे मदतीविना राहिली, हेही त्याच आकड्यात लिहिलेले आहे. वर्धा जिल्ह्यात सेवाग्रामला १९६९ पासून वैद्यकीय महाविद्यालय आहे, सावंगी मेघे येथे दुसरे आहे आणि दोन्हीकडे मनोविकार विभाग आहेत. २०२२ पासून ‘टेलिमानस’ची १४४१६ ही दूरध्वनी सेवा मराठीतही उपलब्ध आहे. गावातल्या घरापासून तेथपर्यंतचे अंतर मात्र मैलांत मोजण्याचे नाही. घरातले दुःख बाहेर बोलण्याचा जो संकोच आहे त्याचे ते अंतर आहे. पहिल्या प्रवचनाच्या अखेरीस विनोबांनी अर्जुनाच्या सरळपणावर थोडा वेळ थांबून जे विवेचन केले आहे ते निवडक उताऱ्यांच्या संग्रहांत सहसा घेतले जात नाही. न्यायाधीशाची गोष्ट तेवढी घेतली जाते. विदर्भातील महाविद्यालयांसाठी या ग्रंथातून पुढे केव्हा उतारे निवडले गेले, तर ही दोन्ही पाने एकत्र छापली जावीत.